नर्सबाईंच्या वहीतली नावे

पत्र

माझी आजी (आईची आई) गेल्या मार्गशीर्षात वयाच्या ७९ व्या वर्षी गेली. १९६६ साली ती सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात सहाय्यक परिचारिका-प्रसाविका म्हणून नोकरीला लागली आणि पाटण, माण, खटाव अशा बदल्या झेलत २००३ मध्ये निवृत्त झाली. तिच्या प्रथम पुण्यस्मरणाला एक छोटी स्मरणिका काढायचे घरात ठरले असून, ‘तुला लिहिता येते’ म्हणून ते काम माझ्यावर आले आहे. पहिल्या पानाचा मजकूर मामांनी पाठवला आहे. त्यात आजी ‘सेवेचा महामेरू’, ‘वात्सल्यसिंधू’ आणि ‘देवदूत’ आहे, पण मला ती त्यात कुठे दिसत नाही. तिच्या ट्रंकेत बाळंतपणांच्या दोन लांब वह्या निघाल्या. तारीख, गाव, बाईचे नाव, मुलगा की मुलगी, वजन, शेरा, असे सगळे तिच्या अक्षरात आहे. काही ओळींत नवऱ्याचे नाव नाही, समासात नुसता लाल ठिपका आहे, आणि त्यातले एक नाव मी ओळखते. मामेभाऊ म्हणतो, सगळी पाने स्कॅन करून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू, लोकांना आनंद होईल. माहिती गोळा करायला मी गावी गेले, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘तुझ्या आजीनं मला कॅम्पाला नेऊन बसवलं होतं,’ आणि तोंड फिरवून घरात गेले. आई तर स्मरणिकेचा विषय निघाला की उठून जाते. एकदा एवढेच म्हणाली, ‘ती गावाची आई होती. माझी किती होती ते मला विचारू नकोस.’ यातले काय लिहू आणि काय गाळू?

— एक नात, ठाणे

उत्तर

मामांच्या मजकुराचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी निकालात काढू. ‘महामेरू’ आणि ‘सिंधू’ हे शब्द पुण्यस्मरणाच्या जाहिरातींत इतकी वर्षे फिरत आहेत की ते साखर कारखान्याच्या संचालकांना चालतात, भजनी मंडळाच्या अध्यक्षांना चालतात आणि तुमच्या आजींनाही चालतील; त्यांत आजी दिसत नाहीत त्याचे कारण तेच. तरीही त्यावरून मामांशी वाद घालू नये असे मला वाटते. आई गेलेल्या माणसाला जे शब्द हाताशी सापडले ते त्यांनी घेतले. पहिले पान, फोटोखालचा मजकूर आणि शेवटची नावांची यादी त्यांच्याकडे राहू द्या. आतली पाने तुमच्या ताब्यात असली म्हणजे पुरे.

त्या आतल्या पानांत आजींचे काम येऊ द्या. परिचारिकेबद्दल लिहिताना बहुतेक जण प्रेमळ, हसतमुख, निःस्वार्थी एवढे लिहून थांबतात, आणि ती बाई सकाळपासून रात्रीपर्यंत नेमके काय करत असे हे कागदावर येतच नाही. सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, हा पुढच्या काळातला सरकारी निकष आहे. म्हणजे तेवढ्या वस्तीतल्या गरोदर बाया, तान्ही मुले, ताप, जुलाब, लसी आणि या सगळ्यांच्या नोंदवह्या एका बाईच्या अंगावर. आणि पाटणसारख्या तालुक्यात ती वस्ती एका गावात नसते, डोंगराच्या सोंडांवर विखुरलेल्या वाड्यांत असते. हे वाचकाला कळले तर ‘अविरत कष्ट’ असे वेगळे लिहावे लागणार नाही.

माहिती विचारताना प्रश्न बारीक ठेवा. ‘आजी कशी होती?’ असे विचारले की ‘लई मायाळू’ असे उत्तर येते, ते खरेही असते, पण त्याने पान भरत नाही. रात्री बोलवायला कोण येई, कंदील कोणाचा असे, पाणी कोणत्या भांड्यात उकळत, नाळ कापायला नवे पाते बाई स्वतः आणत की दुकानातून आणायला लावत, बाळामागून वार (नाळेला जोडलेला भाग) पडायला वेळ लागला तर त्या काय करत आणि निघताना घरच्यांना काय बजावून जात, असे विचारा. गावातली जुनी सुईण किंवा तिची सून हयात असेल तर तिला चुकवू नका. सरकारी नर्स गावात आली तेव्हा सर्वांत मोठी पंचाईत सुईणीची झाली होती. कुठे दोघींचा वर्षानुवर्षे अबोला राहिला, तर कुठे पुढे सरकारनेच दायांना प्रशिक्षण दिल्यावर दोघी एकाच बाळंतिणीजवळ बसू लागल्या. तुमच्या आजींच्या बाबतीत यांपैकी काय घडले हे कळले, तर स्मरणिकेतले सर्वांत चांगले प्रकरण तेच होईल. माझा अनुभव असा आहे की अशा प्रसंगांत माणूस जसा दिसतो तसा गौरवाच्या भाषणात कधीच दिसत नाही.

आठवणींना साल लावताना मात्र कोणाला साल विचारू नका. त्या भागातल्या वयस्क बायांना ‘भूकंपाआधी की भूकंपानंतर?’ असे विचारा, उत्तर ताबडतोब मिळेल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनानगरच्या परिसरात धरणी हादरली, त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली आणि हजारो घरे पडली. तेव्हा तुमच्या आजी जेमतेम बावीस वर्षांच्या आणि नोकरीत नव्या होत्या. त्या रात्री त्या कुठे होत्या आणि उजाडल्यावर कोणत्या गावात होत्या, हे सांगणारे कोणीतरी अजून असेल. माण-खटावच्या बदलीचा काळ ठरवायला १९७२ चा दुष्काळ उपयोगी पडेल. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे तो पौष्टिक खाऊ, ज्यांना आठवते, त्यांना त्या कामावर येणारी नर्सबाईही आठवण्याची शक्यता आहे. तिसरी खूण आणीबाणीची. तिच्याकडे पुढे येते.

आता वह्या. आधी एक गोष्ट तपासा. छापील रकाने, पानांवर अनुक्रमांक आणि कार्यालयाचा शिक्का असेल, तर ती वही घरची नव्हे, सरकारी दप्तर आहे, आणि ती संबंधित आरोग्य केंद्राकडे किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे पोच घेऊन परत करणे योग्य. दुकानातून आणलेल्या लांब वहीत आजींनी हाताने रेघा मारून स्वतःसाठी ठेवलेली नोंद असेल, तर ती घरात राहू शकते. पण दोन्ही बाबतींत एक गोष्ट बदलत नाही: वहीचा कागद तुमच्या घरचा असेल, त्यावरची नावे तुमच्या घरची नाहीत. प्रत्येक ओळ ही कोणातरी बाईने अंगावर कपडा नसताना, ओरडत असताना, समोरच्या नर्सवर टाकलेल्या विश्वासाची नोंद आहे. तो विश्वास आजींच्या हवाली केलेला होता. नातवंडांच्या मोबाइलच्या हवाली कोणी केलेला नव्हता. व्हॉट्सॲपवर एकही पान जाऊ नये, आणि स्कॅन केलेच असेल तर ते पुसून टाकावे, हे मामेभावाला आजच आणि स्पष्ट सांगा. त्याच्या मनात वाईट नाही हे मला दिसते, पण एकदा गावाच्या ग्रुपवर गेलेले पान कोणालाही परत घेता येत नाही.

लाल ठिपक्यांबद्दल दोन शब्द. ती बाळंतपणे लग्नाबाहेरची होती, असा जो अर्थ तुम्ही लावलेला दिसतो, तो बरोबर असेलच असे नाही. तो ठिपका मृत जन्माचा असू शकतो, तालुक्याला पाठवलेल्या अवघड बाळंतपणाचा असू शकतो, किंवा पुन्हा भेट द्यायची ती नुसती खूण असू शकते. आणि तुमचा अर्थ बरोबर असला, तर मग त्याबद्दल न बोलण्याचे कारण आणखीच पक्के होते. ते नाव तुम्ही ओळखता म्हणजे ती बाई हयात आहे किंवा तिची मुले आहेत. तिला विचारायला जाऊ नका, आणि ‘एका अभागी मुलीची अब्रू आजीने राखली’ असे नाव गाळूनही लिहू नका. शंभर-दोनशे उंबऱ्यांच्या गावात साल आणि वाडी कळली की उरलेले लोक स्वतःच जुळवतात. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्याखालच्या नियमांत दवाखान्यातली गर्भपातासाठी आलेल्या बायांची नोंदवही गोपनीय ठरवलेली आहे. तुमच्या आजींच्या वहीला तो नियम लागू नसेल. पण ज्या बाईने समासात नुसता ठिपका देऊन ओळ पुढे नेली, तिला तो कोणी शिकवावा लागला नव्हता. स्मरणिकेत त्या पानांवरचे काहीच नसणे, हे आजींच्या स्वभावाला धरूनच होईल.

पण म्हणून वह्या ट्रंकेत परत टाकू नका. नावे झाकली तरी वहीत पुष्कळ उरते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र आपण नेहमी हातात दिवा घेतलेले पाहतो. त्या आकड्यांच्या पक्क्या जाणकार होत्या, आणि लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने १८५८ मध्ये त्यांना सदस्य करून घेतले, ही सोसायटीची पहिली महिला सदस्य, हे आपल्याकडच्या परिचारिका दिनाच्या भाषणांत क्वचितच ऐकू येते. तेव्हा तुम्हीही दोन दुपारी बसून मोजा. एकूण बाळंतपणे किती, कोणत्या वर्षी किती, जुळी किती, श्रावणात किती आणि ऐन उन्हाळ्यात किती, सर्वांत लहान वजन किती आणि सर्वांत मोठे किती. हे सगळे एकाही नावाशिवाय छापता येते आणि कोणत्याही विशेषणापेक्षा त्याला वजन आहे.

शेऱ्याच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या. तिथे ‘धनु. १’, ‘धनु. २’ असे काही सापडले, तर ती गरोदरपणात टोचलेली धनुर्वाताची लस असण्याची दाट शक्यता आहे. नाळ विळ्याने किंवा गंजक्या पात्याने कापायची आणि वर राख किंवा शेण लावायचे, ही रीत अनेक खेड्यांत होती; मग आठवड्याभरात बाळाचा जबडा आवळायचा, ते अंगावर प्यायचे थांबायचे, आणि बहुतेक वेळा घरचे ‘बाहेरचे काहीतरी’ म्हणून देवऋषाकडे जायचे. उकळलेले पाते, स्वच्छ दोरा, साबणाने धुतलेले हात आणि आईला दोन टोचण्या, एवढ्यावर हा रोग मागे हटला, आणि २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. त्या घोषणेच्या वेळी तुमच्या आजी निवृत्त होऊन बारा वर्षे झाली होती, आणि त्यांना कोणी हार घालायला गेले नसेल. पहिल्या वहीतले ‘धनु.’चे शेरे आणि दुसऱ्या वहीतले शेरे मोजून शेजारी मांडा. माझ्या हातात स्मरणिका असती तर मी त्या तक्त्याला पूर्ण पान दिले असते.

पुण्यस्मरणाला गावातल्या काही बाया ‘आमची नोंद बघू’ म्हणून येतील, त्यांना नाही म्हणू नका. जाड पुठ्ठ्याला एका ओळीपुरती आडवी खाच कापा आणि तो पानावर ठेवून ज्या बाईचे बाळंतपण आहे तिला, फक्त तिला, तिची ओळ दाखवा. तिच्या मुलालाही नको, तिची परवानगी असल्याशिवाय. आपल्या लेकराचे पहिले वजन वाचून साठीतली बाई काय बोलते ते ऐका. तिची हरकत नसेल तर ते लिहून घ्या.

नसबंदीच्या कॅम्पाला नेलेल्या गृहस्थांचा प्रश्न अवघड आहे, आणि तो गाळून स्मरणिका काढता येईल, पण मग ती निम्मीच होईल. आणीबाणीच्या काळातल्या १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत मोठा भाग पुरुषांचा होता. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच १९७६ मध्ये मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा ‘केसेस’ आणायचे उद्दिष्ट नर्सबाईंना होते, शिक्षकांना, ग्रामसेवकांना, तलाठ्यांनाही होते, आणि ते पुरे झाले नाही तर पगाराचे आणि बदलीचे भय होते. हे सगळे खरे आहे, आणि तरीही हे त्या गृहस्थांना सांगायला जाऊ नका. त्यांना राष्ट्रीय आकडेवारी ठाऊक नाही असे नाही. ज्या नर्सबाईवर बायकोच्या बाळंतपणात विश्वास टाकला, तीच एक दिवस गाडीजवळ उभी होती, हे त्यांना आठवते. त्यांच्याकडे पुन्हा जा, समर्थन करू नका, त्यांनी सांगितले तर ऐकून घ्या, न सांगितले तर चहा घेऊन या. घरात आजींनी त्या वर्षाबद्दल कधी काही म्हटले होते का, हेही मामांना विचारा. त्या पिढीच्या अनेक नर्सबाया हा विषय निघाला की गप्प होत, आणि त्या गप्पपणाचीही नोंद होऊ शकते.

स्मरणिकेत चार-पाच वाक्ये पुरतील: त्या वर्षी आजींना उद्दिष्ट होते, त्यांनी माणसे कॅम्पाला नेली, त्यांतल्या किमान एकाच्या मनातून ते अजून गेलेले नाही, आणि आजी त्यावर घरात अमुक म्हणत किंवा काहीच म्हणत नसत. त्या गृहस्थांचे नाव, वाडी, वय काही नको. त्या चांगल्या होत्या की वाईट, याचा निवाडा तिथे देऊ नका. तुम्हाला तो स्वतःसाठी हवा आहे हे पत्रावरून कळते, पण तो या मार्गशीर्षापर्यंत लागला पाहिजे असे कुठे आहे? मामा हा परिच्छेद काढायला सांगतील. त्यांना सांगा की बाकी सगळे खरे वाटावे म्हणून तो ठेवला आहे.

राहिली आई. तिचे वाक्य स्मरणिकेत घालू नका, कारण ते तिने तुम्हाला सांगितले आहे, वाचकांना सांगितलेले नाही. पण ते चुकीचे आहे, ‘आजीचा नाइलाज होता’, असे तिला समजावायलाही जाऊ नका. उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुलांचे लहानपण कसे असते याची थोडी कल्पना मला आहे; माझी एक जवळची मैत्रीण तशी वाढली. जेवायला बसले की दार वाजे, आणि दार वाजले की आईचे ताट झाकले जाई. परक्या बायांना ‘भिऊ नको, मी आहे’ म्हणणारी आई परीक्षेच्या दिवशी घरी नसे. मुलांचे पाहायला बहुधा सासूबाई असत, आणि मुलांना सासूबाईंचाच लळा लागे. गावाने ज्या गोष्टीसाठी आजींना डोक्यावर घेतले, तिची किंमत काही अंशी तुमच्या आईने भरली आहे. तिला कोरे पान द्या, मुदत सांगू नका, आणि तिने दिले तर एक अक्षर न बदलता छापा. दिले नाही तर कोरे पान तसेच छापावे असे कोणी सुचवेल. तसले काही करू नका, ते तिच्यावर बोट दाखवणे होईल.

त्याआधी तिला एक लहान प्रश्न विचारून पाहा. तिचा जन्म सत्तरच्या आसपासचा असेल, तर तिच्या हातावर देवी काढल्याचा, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचल्याचा, मोठा, खोलगट वण असेल. दोन टोकांची सुई लसीत बुडवून एकाच जागी पंधरा वेळा टोचायची, अशी ती पद्धत होती. मे १९७५ मध्ये भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि मग ते टोचणे हळूहळू थांबले. तान्हेपणी एकदा टोचलेल्या मुलांना शाळेच्या वयात पुन्हा टोचत, आणि ते दुसरे टोचणे अनेकांना आठवते. आईला विचारा की तिची देवी कोणी काढली, आजीने की दुसऱ्या कोणी, आणि रांगेत उभे करून की घरी. तिला बोलायचे असेल तर ती त्यावरून बोलू लागेल. त्या वेळी समोर वही किंवा मोबाइल धरू नका; ती उठून गेल्यावर जेवढे आठवेल तेवढेच लिहा, आणि छापण्याआधी तिला वाचून दाखवा.